नास्तिकाला येशू दिसला, म्हणून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मरणाच्या दारातून परत आलेल्या नास्तिकांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. फितूर साक्षीदार हाती लागलेल्या वकिलाचा उत्साह त्यात ओसंडून वाहतो आहे. मरता मरता नास्तिकालाही येशू दिसला, म्हणजे देव आणि परलोक दोन्ही खरे, असे त्याचे म्हणणे. नास्तिकानेच कबूल केले, आता आणखी काय पुरावा हवा!

लेखाचा सगळा भर हॉवर्ड स्टॉर्म यांच्यावर आहे. हे अमेरिकेत केंटकीमधल्या विद्यापीठात कलेचे प्राध्यापक होते. १९८५ मध्ये पॅरिसला गेले असताना पोटात छिद्र पडले, शस्त्रक्रियेला वेळ लागला, आणि त्या अवस्थेत येशूने आपल्याला अंधारातून सोडवले असा अनुभव त्यांना आला. पुढे ते पाद्री झाले. ते खोटे बोलतात असे मी म्हणणार नाही. पण त्या अंधारात त्यांना आठवले ते लहानपणी संडे स्कूलमध्ये म्हटलेले येशूचे गाणे, हे लेखात आलेलेच नाही. नास्तिकपण मोठेपणीचे होते, आतले सामान बालपणीचेच.

आपल्याकडे काय दिसते? बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या सतवंत पसरिचा आणि अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ मध्ये उत्तर भारतातले असे अनुभव प्रसिद्ध केले. त्यात यमदूत येऊन माणसाला नेतात, तिथे वही उघडली जाते, आणि आणायचा होता तो हा नव्हेच असे निघते. मग परत पाठवणी. (सरकारी कचेरीची सवय असलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये.) पॅरिसमधल्या अनुभवाने येशू सिद्ध होत असेल, तर याने चित्रगुप्तही सिद्ध होतो. दोघांनाही एकदम मान्यता द्यायची लेखकाची तयारी आहे का?

लेखात ए. जे. एअर नाहीत, याचे मला अधिक आश्चर्य वाटले. ब्रिटनमधले गाजलेले नास्तिक तत्त्वज्ञ. १९८८ मध्ये लंडनच्या रुग्णालयात माशाचा तुकडा घशात अडकला आणि त्यांचे हृदय चार मिनिटे बंद पडले. त्यांना डोळ्यांना त्रास देणारा तांबडा प्रकाश दिसला, तोच विश्वाचा कारभार चालवत होता म्हणे. मृत्यूनंतर सारे संपते या आपल्या खात्रीला थोडा धक्का बसला, असे त्यांनी लिहिले. गवगवा झाल्यावर थोड्याच दिवसांत खुलासा केला, की सैल झाली ती त्या समजुतीविषयीची ताठर भूमिका, समजूत नव्हे. पुढच्या वर्षी ते वारले.

या अनुभवावरच्या लेखातच एअर यांनी एक गोष्ट स्पष्ट केली होती: मरणानंतर काही उरत असले तरी त्यातून देव सिद्ध होत नाही. देव न मानताही मरणोत्तर अस्तित्व शक्य मानणारे केंब्रिजचे तत्त्वज्ञ मॅकटॅगार्ट आणि ब्रॉड यांचे दाखले त्यांनी दिले. आपल्याला तर इतक्या लांब जायलाच नको. जैन दर्शन पुनर्जन्म मानते, जगाचा कर्ता ईश्वर मानत नाही. निरीश्वर सांख्यांचेही तेच. आत्मा आणि ईश्वर हे दोन वेगळे वाद आहेत हे इथे केव्हाच ठरलेले असताना, आपल्या लेखकाने दोन्ही एकाच पुडीत बांधावेत?

‘मेंदूला ऑक्सिजन कमी पडला, संपले’ असे म्हणणाऱ्या माझ्या विवेकवादी मित्रांनाही मात्र सुटका नाही. डच डॉक्टर पिम व्हान लोमेल यांच्या २००१ च्या अभ्यासात हृदय बंद पडून वाचलेले ३४४ रुग्ण होते. असा अनुभव सांगितला त्यांतल्या फक्त ६२ जणांनी. ऑक्सिजनची कमतरता हेच एकमेव कारण असते तर बाकीचे कोरे का राहिले? उलट बाजूही पाहा. शरीराबाहेर जाऊन वरून पाहिल्याचे दावे तपासायला डॉक्टर सॅम पार्निया यांच्या गटाने रुग्णालयांत उंच फळ्यांवर, फक्त छताकडूनच दिसतील अशी चित्रे ठेवली होती. २०१४ मध्ये निष्कर्ष आले, पण चित्र पाहिल्याचे कुणीही सांगितले नाही.

लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर स्टॉर्म यांच्या शेजारी एअर यांचीही हकिगत छापावी, खुलाशासकट.

आपला,
एक वाचक, सातारा