२५ वॅट पुरेत असे सांगणाऱ्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपल्या रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्तीच्या दुकानात येऊन आभार मानू लागले की आपण समोरचा रेडिओ पुढे ओढता आणि विषय बदलता, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहीत आहे. वडिलांच्या जुन्या अँप्लिफायरची सुधारणा आपण माझ्या हातून करवून घेतलीत. आपण स्वतः केली असती तर एखादी दुपार पुरली असती. ओहमचा नियम शाळेतच सोडून आलेल्या माझ्यासारखीला शिकवण्यात आपला कितीतरी अधिक वेळ गेला, आणि त्याची मजुरीही आपण घेतली नाहीत. तरीही माझे आभार मुख्यतः आपण दिलेल्या एका नकाराबद्दल आहेत.

हा अँप्लिफायर वडिलांनी १९८० च्या दशकात सांगलीतच जोडून घेतला होता. २०१९ च्या महापुरात गावभागातील आमच्या घरात पाणी शिरले तेव्हा तो माळ्यावर असल्यामुळे वाचला. पुढे खाली काढून लावला, तर गाण्याआधी त्याची घरघरच ऐकू येई. "मोठा ट्रान्सफॉर्मर घालून पॉवर वाढवून द्या," असे म्हणत मी आपल्याकडे आले. मंडळांच्या अँप्लिफायरची रांग लागलेली असल्याने आपण मला अनंत चतुर्दशीनंतर बोलावलेत, आणि आले तेव्हा हातात सोल्डरिंग आयर्नऐवजी कागद-पेन्सिल दिलीत.

त्या कागदावरचा हिशेब मी जपून ठेवला आहे. आमचा ट्रान्सफॉर्मर १८-०-१८ व्होल्टचा (मधल्या तारेपासून दोन्हीकडे १८), म्हणजे एसीचे डीसी करणाऱ्या डायोडनंतर दोन्ही बाजूंना साधारण २४ ते २५ व्होल्ट डीसी मिळणार. त्यातून ट्रान्झिस्टरवर पडणारा आणि भार आल्यावर घटणारा वाटा वजा केला की स्पीकरला शिखरावर २० व्होल्टच्या आसपास मिळतात, आणि ८ ओहमच्या स्पीकरवर त्याचे २५ वॅट होतात. मग अँप्लिफायरच्या दर्शनी पट्टीवर १०० वॅट असे कितीही ठसठशीत छापलेले असो. वॅट दुप्पट केले तरी वाढ ३ डेसिबलचीच होते, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर शक्ती जवळजवळ दहापट लागते, हे आपण सांगितलेत तेव्हा बाजारातील खोक्यांवरच्या आकड्यांकडे पाहण्याची माझी नजरच बदलली. मी मागत होते तो २८-०-२८ चा ट्रान्सफॉर्मर बसवला असता, तर दोन्ही बाजूंना ३९ व्होल्टपर्यंत डीसी गेले असते. हे डीसी सपाट करणारे जुने फिल्टर कंडेन्सर ३५ व्होल्टपर्यंतचेच होते. त्याहून गंभीर बाब म्हणजे धन आणि ऋण टोकांमधील अंतर ७८ व्होल्ट झाले असते आणि आमचे २एन३०५५ व एमजे२९५५ ट्रान्झिस्टर ६० व्होल्टपर्यंतचेच आहेत. गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार असताना त्याला इतक्या शांतपणे हिशेब करून नाही म्हणणारा कारागीर मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

सुधारणा कुठून सुरू करायची, हेही आपण मलाच शोधायला लावलेत. आवाजाचे बटण पूर्ण खाली केले तरी घरघर तेवढीच राहते, म्हणजे तिचे मूळ त्या बटणाच्या पुढे, बहुधा पॉवर सप्लायमध्ये आहे. आपली वीज ५० हर्ट्झची असली तरी डायोडांच्या ब्रिजमधून दोन्ही अर्धी आवर्तने येत असल्याने ही घरघर १०० हर्ट्झची असते, आणि निव्वळ ५० चा घुमारा असेल तर वायरिंग व अर्थिंग तपासावे, हा भेद आपण मला कानाने ओळखायला शिकवलात. प्रवाह १ अँपिअर धरला तर २२०० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरवर व्होल्टेज साडेचार व्होल्टपर्यंत खालीवर होते, ४७०० वर ते दोनच्या आसपास येते. आणि आमचे कंडेन्सर तर वयाने आतून सुकलेले होते. म्हणून ४७०० मायक्रोफॅरड, ५० व्होल्टचे नवे घेतले. २२००० चेच का घेऊ नयेत, या माझ्या उत्साहाला आपण चालू करतानाच्या धक्क्याचा आणि डायोडवर पडणाऱ्या ताणाचा विचार करायला लावलात. संध्याकाळी लाईन २५० व्होल्टवर गेली तर आतले व्होल्टेजही त्याच प्रमाणात चढते, म्हणून ३५ ऐवजी ५० व्होल्टचा कंडेन्सर हवा, हे तर मला कधीच सुचले नसते.

सुरक्षिततेच्या बाबतीत आपण कठोर होतात, आणि नवशिक्यासाठी हेच सर्वांत मोलाचे होते असे मला वाटते. कंडेन्सर स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून रिकामा करायचा नाही. १ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर अर्धा मिनिट लावायचा आणि तरीही मीटरने शून्य पाहूनच हात घालायचा. पहिल्यांदा चालू करताना १०० वॅटच्या बल्बच्या सिरीज बोर्डावरच, म्हणजे वीज बल्बमधून येईल असे, चालू करायचे: बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, तेजाने पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. जुनी दोन पिनांची वायर काढून तीन पिनांची लावून पत्र्याच्या पेटीला अर्थ जोडल्याशिवाय आपण पुढचे काही सांगितलेच नाहीत.

पॉवर ट्रान्झिस्टर मात्र आपण बदलू दिले नाहीत. मीटरवर ते चांगले निघाले होते, आणि २एन३०५५ च्या नावाने नकली माल इतका विकला जातो की जुना खरा काढून नवा खोटा बसवणे म्हणजे सुधारणा नव्हे, असे आपले म्हणणे होते. फक्त ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामधल्या अभ्रकाच्या चकत्या व पेस्ट नवी लावली, आणि धातूची टोपी हीटसिंकला कुठे टेकत नाही ना, हे तपासले. व्हॉल्यूमचा पॉट (बटणामागचा बदलता रेझिस्टर), इनपुटचे कंडेन्सर, फ्यूज ही कामे चटकन झाली.

शेवटची जुळणी आपण स्पीकर काढून करायला लावलीत. गाणे नसतानाही पॉवर ट्रान्झिस्टरमधून थोडा प्रवाह वाहावा लागतो; तो मोजायला त्यांच्या ०.३३ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर १० मिलीव्होल्ट, म्हणजे ३० मिलीअँपिअर, येईपर्यंत प्रीसेट (आतला छोटा बदलता रेझिस्टर) केसाएवढा फिरवायचा, हीटसिंक गरम होऊ द्यायचा आणि पुन्हा मोजायचे. आऊटपुटवरचे डीसी ५० मिलीव्होल्टच्या आत असल्याखेरीज स्पीकर जोडायचा नाही. हा प्रवाह फार कमी ठेवला तर हळू स्वर खरखरीत होतात, हे मला आलाप ऐकताना पटले. मोठ्या गाण्यावर कोणताही अँप्लिफायर बरा वाटतो. मिरजेच्या तानपुऱ्याचे नुसते ध्वनिमुद्रण लावून ऐकावे, ही आपली कसोटी मला फारच योग्य वाटते, कारण खर्जाच्या तारेखाली १०० हर्ट्झची घरघर लपून राहते आणि स्वर गढूळ करते. आता तार स्वच्छ ऐकू येते, आणि २५ वॅट आमच्या माजघराला पुरून उरतात.

एक शंका उरली आहे. संध्याकाळी लाईन चढली की स्पीकर बंद असतानाही ट्रान्सफॉर्मर स्वतःच बारीक गुणगुणतो. त्याच्या गाभ्यातील पत्र्याच्या पट्ट्या सैल झाल्या असतील तर बोल्ट आवळावेत, की खाली रबरी वॉशर घालावेत, की व्हार्निश द्यावे? येत्या आठवड्यात ट्रान्सफॉर्मरची मोजलेली व्होल्टेज वहीत लिहून घेऊन येते. या वेळी मात्र मजुरी घ्यावी लागेल.

आपली ऋणी,
गावभागातील आपली विद्यार्थिनी, सांगली