कोरडी टाकी आणि शिकाऊ वैमानिक

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बारामती-इंदापूर पट्ट्यातील गावांना प्रशिक्षण विमानांची घरघर आता नवी राहिलेली नाही. २५ जुलै २०२२ रोजी कडबनवाडी येथे सेसना १५२ हे विमान शेतात कोसळून शिकाऊ वैमानिक तरुणी जखमी झाली, तर ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ चार दिवसांत दोन विमाने पडली. या घटनांच्या कारणांबाबत मला तर्क करायचा नाही. मात्र वैमानिक होऊ इच्छिणाऱ्या मुलांना मी पुण्यात लेखी परीक्षांचे विषय शिकवतो, आणि हलक्या विमानांच्या अपघाताचे एक कारण आपल्याकडे पुरेसे चर्चेत येत नाही, असे मला तळमळीने वाटते. ते म्हणजे उड्डाण सुरू असताना इंधन संपणे.

‘इतकी साधी गोष्ट वैमानिकाला कळू नये का?’ असा प्रश्न सहज विचारला जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०११ ते २०१५ या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा इंधनाच्या नियोजनातील चुकांमुळे वर्षाला सरासरी ५० हून अधिक अपघात झाल्याचे दिसले. त्यांपैकी जवळपास निम्म्या अपघातांतील वैमानिकांकडे व्यावसायिक किंवा त्याहून वरचा परवाना होता. शिकाऊ वैमानिक जेमतेम दोन टक्के होते. म्हणजे हा केवळ नवशिक्यांच्या अज्ञानाचा मामला नाही. शिकताना जी सवय लागते, तीच पुढे हजारो तासांच्या अनुभवानंतरही टिकते किंवा सुटते, म्हणून काळजी घ्यायची ती इथेच.

सेसना १५२ च्या नेहमीच्या टाक्यांत वापरता येईल असे इंधन सुमारे ९२ लिटर मावते आणि इंजिन ताशी साधारण २० ते २५ लिटर पिते. कागदावर हे चार तास होतात; पण समोरून वारा लागला, इंधन-हवेचे मिश्रण उंचीनुसार पातळ करायचे राहिले किंवा वाट चुकून वळसा पडला, की हिशेब बिघडतो. समोरच्या पट्टीवरील इंधनाचे काटे टाकीतल्या तरंगत्या गोळ्यावर चालतात आणि विमान कलले की तेही डोलतात. म्हणून उड्डाणापूर्वी पंखावरचे झाकण उघडून, मोजपट्टी टाकीत बुडवून, ओल कुठवर चढली ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे असते. तेही विमान सपाट जागी उभे असताना, कारण उतारावर एका टाकीचे माप जास्त आणि दुसऱ्या टाकीचे कमी दिसते. सकाळी दुसऱ्याने भरून ठेवलेल्या टाकीवर विसंबून दुपारी उडणे, ही खरी धोक्याची जागा आहे.

मोजमाप शिकवता येते. त्याहून अवघड आहे ते वेळेवर थांबणे. दिवसा, दृश्य नियमांनुसार, म्हणजे बाहेरचे डोळ्यांनी पाहत उडताना अर्ध्या तासाचे इंधन राखीव राहावे, हा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तरी ‘आता वीस मिनिटांवर तर धावपट्टी आहे’ या विचाराने माणूस पुढे जात राहतो. भलत्याच धावपट्टीवर उतरलो तर जाब विचारला जाईल, उड्डाणाचे तास वाया जातील, घरच्यांनी कर्ज काढून भरलेली फी डोळ्यांपुढे येते. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ आव्हियांका कंपनीचे बोइंग ७०७ इंधन संपून कोसळले आणि ७३ जणांचा जीव गेला. इंधन संपत आल्याचे वैमानिकांनी नियंत्रकांना सांगितले होते, पण आणीबाणी अशी स्पष्ट जाहीर केली नव्हती. मोठ्या विमानातील जाणत्या माणसांना जे जमले नाही, ते एकट्याने उडणाऱ्या १९-२० वर्षांच्या मुलाने न घाबरता करावे, अशी अपेक्षा असेल तर तसे वातावरण आपणच द्यायला हवे.

माझी विनंती अशी, की इंधनाच्या शंकेने कुणी जवळच्या धावपट्टीवर उतरले किंवा अर्ध्यातून परतले, तर त्याला बोल लावला जाणार नाही आणि त्या तासांचा भुर्दंड त्याच्यावर पडणार नाही, असे प्रत्येक प्रशिक्षण संस्थेने लेखी द्यावे व नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तपासणीच्या वेळी ते पाहावे. पालकांनीही प्रवेश घेताना फी आणि विमानांची संख्या विचारतात, तसे हेही विचारावे.

आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणे आहे. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी मोठी बातमी येते, पण विमान अपघात तपास विभागाचा अंतिम अहवाल येतो तेव्हा त्याला क्वचितच जागा मिळते. पुणे जिल्ह्यातील प्रशिक्षण विमानांच्या अपघातांचे असे अहवाल मराठीत, सोप्या भाषेत छापावेत; ते बारामतीत शिकणारी मुले आणि त्यांचे आईवडील नक्की वाचतील.

आपला,
एक वाचक,
एरंडवणे, पुणे