सुगड मागणाऱ्या दादांना

दादा,

सप्रेम नमस्कार.

चारचौघांत लिहितेय म्हणून तुमचं नाव, दुकान, गल्ली यातलं काहीच लिहीत नाही. परवा फोनवर आभार मानायला गेले तर तुम्ही म्हणालात, "ताई, त्यात काय एवढं." त्यात काय एवढं, तेच सांगायचंय. ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत ज्यांच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे त्यांनी हे वाचावंच. आणि ज्यांनी आमच्या गळ्यात माल मारला त्यांच्याही नजरेस पडलं, तर माझी काही हरकत नाही.

क्लाऊन माशांची जोडी घरी आली तेव्हापासून प्रत्येक दुकानात एकच पालुपद ऐकलं. "मॅडम, अ‍ॅनिमोन घेतलं का? त्याशिवाय हे मासे जगत नाहीत." (अ‍ॅनिमोन म्हणजे स्पर्शिकांचा मऊ समुद्री प्राणी, क्लाऊन त्याच्यात आसरा घेतात.) लेक ते ऐकून कासावीस व्हायची. पहिल्या दुकानदाराने पांढरंशुभ्र अ‍ॅनिमोन पिशवीत घालून दिलं. रेअर पीस आहे म्हणाला, भाव तर त्याहून रेअर. टाकी कधी लावली, दिवा कोणता, पाण्यात मीठ किती, यातलं अक्षरही विचारलं नाही. ते अ‍ॅनिमोन काही दिवस तोंड उघडं टाकून पडून राहिलं आणि एका रात्रीत विरघळलं. सकाळी पाणी भाताच्या पेजेसारखं झालेलं, घरभर वास, कोळंबी आडवी पडलेली. फोन केला तर उत्तर आलं, "तुमचं पाणी खराब असणार." विकताना पाण्याची चौकशी नाही, मेल्यावर मात्र दोष पाण्याचा!

दुसऱ्या ठिकाणी कार्पेट अ‍ॅनिमोन पुढे केलं. दिसायला गालिचाच, पण टाकीतल्या छोट्या माशांना चिकटवून गिळण्यात ते पटाईत असतं, हे सांगायची तसदी कोणी घेतली नाही. तिसऱ्याने तर आवाज खाली आणला, मागच्या खोलीत नेलं आणि झाकलेल्या टाकीतलं हॅमर कोरल, म्हणजे एक जातीचं प्रवाळ, दाखवलं. "क्लाऊन यातही राहतात, बाहेर बोलू नका." दगडासारखा सांगाडा असलेली सगळी कोरलं 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. शाळकरी मुलीच्या आईला हे विकायला निघाले होते. तिथून बाहेर पडताना आमच्या ह्यांनी ठरवून टाकलं, टाकी काढायची. लेक काही बोलली नाही, आणि ती न बोलणंच जास्त लागलं.

तुम्ही आलात ते आमची टाकी विकत घ्यायला. लोकांना हेच सांगायचंय. तुम्ही मदत करायला आला नव्हता, कोणी तुम्हाला सल्ला विचारला नव्हता. जुनी टाकी, दिवे, पंप असं सगळं स्वस्तात मिळत होतं, आणि आम्ही इतके वैतागलो होतो की तुम्ही सांगाल त्या भावाला देऊन टाकलं असतं. तुम्ही मोजपट्टी काढलीत, लांबी घेतलीत, उंची घेतलीत आणि मग थांबलात. लेकीकडे बघून विचारलंत, "रात्री हे दोघं झोपतात कुठे?"

तोवर आमच्या घरी हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. लेकीलाही नक्की सांगता येईना. तुम्ही म्हणालात, "दिवे घालव बघू, खोलीतलेपण." आणि चक्क फरशीवर मांडी घालून बसलात, टाकीसमोर. मी खुर्ची पुढे केली तर हाताने नको म्हणालात. लेक तुमच्या शेजारी बसली. बाहेरच्या रस्त्याचा उजेड पडद्याच्या फटीतून येत होता तेवढाच. पंधरा-वीस मिनिटं तुम्ही बोलला नाहीत, मोबाइल काढला नाहीत, घड्याळ पाहिलं नाहीत. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते, कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून गॅस बारीक केला होता. थोरला मासा आधी टाकीभर फिरला, मग पाणी परत येतं त्या पाइपाखालच्या कोपऱ्यात जाऊन तिरका झाला. मागोमाग धाकटा. "ती बघ, जागा त्यांनी आधीच निवडली आहे," तुम्ही लेकीला हळूच म्हणालात.

दादा, माणसं टाकीकडे बघायची ती खिशाच्या हिशेबाने. तुम्ही माशांकडे बघितलंत. माझ्या मनात राहिली आहेत ती तुमची ती वीस मिनिटं. बाकी सगळं त्यातूनच आलं.

दिवे लावल्यावर लेकीने विचारलं, अ‍ॅनिमोन नसेल तर त्यांना भीती नाही वाटणार? तुम्ही हसून म्हणालात, "समुद्रात वाटते, कारण तिथे खाणारे टपलेले असतात. इथे कोण खाणार? तू?" ती कितीतरी दिवसांनी हसली. मग तुम्ही तिला जे समजावलंत ते मी जमेल तसं इथे लिहिते, म्हणजे तिच्यासारख्या आणखी कोणाला उपयोग होईल.

समुद्रात क्लाऊनना आश्रय देणारी अ‍ॅनिमोन मोजून दहा जातींची. त्यातही प्रत्येक क्लाऊन प्रत्येकात राहत नाही. आमच्याकडचे ऑसेलॅरिस जातीचे क्लाऊन. समुद्रात त्यांची घरं तीनच, मॅग्निफिका, जायगँटिया आणि मर्टेन्सी. तिन्ही मोठी होणारी, कडक उजेड मागणारी, घरगुती टाकीत जगवायला महाकठीण. ते कार्पेट हॅडोनी जातीचं होतं, त्यात आपल्या मन्नारच्या आखातातला सेबे क्लाऊन सुखाने राहतो, पण आमच्या जोडीचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. घरात त्यातल्या त्यात जमणारं म्हणजे बबल टिप जातीचं अ‍ॅनिमोन. समुद्रात ऑसेलॅरिस त्याच्या वाटेला जात नाहीत, टाकीत मात्र बऱ्याचदा जुळवून घेतात. पण त्यासाठी टाकी निदान वर्षभर मुरलेली हवी, उजेड भरपूर हवा, पाण्याची विशिष्ट घनता, म्हणजे खारेपणाचं माप, 1.025 च्या आसपासून हलता कामा नये, आणि वेव्हमेकरला, म्हणजे पाणी हलतं ठेवणाऱ्या पंख्याला, जाळी हवी. अ‍ॅनिमोन काही एका जागी बसून राहत नाही, मन मानेल तिकडे सरकतं आणि पंख्यात अडकून चिंधड्या करून घेतं.

पांढऱ्याचं गुपितही तेव्हा कळलं. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न बनवून त्याला पोसतं. शैवाल गेलं की रंग गेला, म्हणजे ते पांढरं अ‍ॅनिमोन दुर्मीळ नव्हतं, उपाशी होतं. पिवळीधमक, गुलाबी दिसणारी पुष्कळदा रंगात बुडवलेली असतात. तुम्ही लेकीला म्हणालात, दुकानात घाई करायची नाही. तोंड मिटलेलं आहे का, बूड फाटलेलं नाही ना, स्पर्शिका चिकटतात का, दिलेला घास खातं का, हे सगळं बघायचं. आणि शक्यतो एखाद्याच्या टाकीत दुभंगून वाढलेलं बबल टिप घ्यायचं, एकाचे दोन होतात ती. तिथे तुम्ही जरा थबकलात. "माझ्या आज्याला खाडीत जी मासळी मिळायची ती मला बघायलाही मिळाली नाही ताई. म्हणून खडकावरून उपटून आणलेलं विकवत नाही मला." मला त्यावर काय बोलावं सुचलं नाही, म्हणून चहा ठेवला.

आणि मग तुम्ही विचारलंत, "संक्रांतीचं सुगड आहे का घरात?"

मला वाटलं चेष्टा करताय. बाल्कनीतल्या माळ्यावर होती खरी, हरभरे-बोरं काढून ठेवलेली. मी सगळीच आणून मांडली. काळं रंगवलेलं तुम्ही लगेच बाजूला केलंत. हळदीकुंकवाच्या रेघा ओढलेलं पण बाजूला. एकाच्या काठाला टवका होता, माशाचं अंग सोलेल म्हणून तेही गेलं. उरलेल्यांवर टिचकी मारून कानाशी धरलीत, एकेक. जे खणखणीत वाजलं ते पक्कं भाजलेलं, तेवढं ठेवलंत. साबण लावू नका, नुसतं गरम पाणी, असं मला बजावलंत आणि लेकीला सांगितलंत की पाइपाखालच्या कोपऱ्यात, तोंड जरा भिंतीकडे वळवून, आडवं ठेव. क्लाऊनची पैदास करणारे कुंड्या आणि कौलंच वापरतात, हे तेव्हा कळलं. पैदाशीच्या टाकीत जन्मलेल्या कितीतरी क्लाऊननी आयुष्यात अ‍ॅनिमोन बघितलेलं नसतं! फ्लेमिंगो बघायला आपण ज्या ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रावर जातो तिथेही क्लाऊन वाढवतात, ही खबरही तुमचीच. आम्ही बोटीत बसून गुलाबी पक्षी मोजून परत आलो होतो.

निघताना तुम्ही टाकीसाठी आणलेले पैसे परत खिशात घातलेत. "ही टाकी मी घेत नाही," एवढंच म्हणालात. येण्याजाण्याचे विचारले तर चहा झाला की म्हणालात.

आमच्या बाजारात एक मासळीवाल्या मावशी आहेत. कधी कधी पाटीवरचं पापलेट मी उचलायच्या आत म्हणतात, "आज नको, उद्या ये." मी नेहमी त्यांच्याकडेच जाते, आणि भाव करत नाही. आमचे हे म्हणतात, तू भाव करत नाहीस म्हणून तुला महाग देते. असेल. पण न विकणारा विक्रेता भेटला की त्याला धरून ठेवावं असं माझं मत आहे, मग तो मासळी विको, साडी विको नाहीतर विमा विको. ज्ञान तर त्या मागच्या खोलीवाल्याकडेही होतं, तुमच्याइतकंच असेल कदाचित. त्याने ते माल खपवायला वापरलं. चांगुलपणा म्हणजे काहीतरी मोठा त्याग असं आपल्याला शाळेत शिकवलं जातं, आणि मग साधा, धंद्यातला, रोजचा चांगुलपणा समोर आला तर ओळखूच येत नाही. मला तर तुम्ही जिना उतरून गेल्यावर उमगलं.

आता हालहवाल. सुरुवातीला दोघांनी सुगडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लेक रुसली, मी तुम्हाला फोन लावायच्या बेतात होते. मग एका रात्री धाकटा आत शिरलेला दिसला, थोरली बाहेर पहाऱ्यावर. (थोरली! क्लाऊन जन्मतः सगळे नर असतात आणि जोडीतला मोठा मादी होतो, हे लेकीने आता सोसायटीतल्या यच्चयावत लोकांना सांगून झालं आहे.) आता थोरली सुगडाच्या तोंडाशी साचलेली वाळू शेपटीने उडवते, आणि काच पुसायला हात घातला की माझ्या बोटाला डसते. दुखत नाही, पण दर वेळी दचकायला होतं. आमचे हे ऑफिसातून आले की बूट काढायच्या आधी टाकीसमोर उभे राहतात. टाकी विकायची भाषा कोणी केली होती, ते आता आठवत नाही म्हणे.

लेकीचा एक प्रश्न तुमच्यासाठी राखून ठेवलाय. पुढे कधी मऊ लेदर कोरल आणलं, तर हे दोघं त्यात घुसून घुसून त्याला फुलूच देणार नाहीत का? तिने वाचलंय की कोरल लहान असेल तर असं होतं. मी म्हटलं, दादांना विचार. तेव्हा येत्या रविवारी दुपारी या, वहिनींना घेऊन या. चहावर भागवणार नाही, सोड्याची खिचडी करणार आहे. तुमची मोजपट्टीही आमच्याकडे राहिली आहे, शोकेसवर ठेवली आहे, तीही न्या.

तुमची,
लेकीची आई
ठाणे पूर्व