निवृत्तीची तारीख

लेस्टर, इंग्लंड,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप आहोत. माझा खोकला पूर्ण गेला आहे आणि ह्यांचे गुडघ्याचे दुखणेही आता जिना चढण्यापुरतेच उरले आहे, तेव्हा काळजी नसावी. पत्र मुद्दाम लिहिते आहे, कारण गेल्या रविवारी फोनवर "जानेवारीअखेर मी निवृत्त होते आहे" एवढेच वाक्य मी बोलले आणि पुढचे बोलण्याआधीच आईने फोन वहिनींच्या हाती देऊन देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी तिने साऱ्या गल्लीत पेढे वाटल्याचे मुक्ताने कळवले. माझे राहून गेलेले वाक्य असे की ७ एप्रिलला मी पुन्हा त्याच वॉर्डात, आठवड्यातून तीन दिवस, कामाला लागणार आहे.

तुला हे चमत्कारिक वाटेल, म्हणून नीट सांगते. इथल्या सरकारी आरोग्यसेवेत या प्रकाराला 'रिटायर अँड रिटर्न' म्हणतात. मे महिन्यात आमच्या वॉर्डातील एक ज्येष्ठ परिचारिका निवृत्त झाली. केक कापला, सगळ्यांच्या सह्यांचे मोठे कार्ड दिले, वर्गणी काढून गुलाबाचे झाड दिले, भाषणे झाली आणि तिला निरोप देताना मला रडू आवरले नाही. तीन आठवड्यांनी सोमवारी सकाळी सात वाजता ती त्याच गणवेशात त्याच औषधांच्या ट्रॉलीजवळ उभी होती आणि कोणालाही त्याचे नवल वाटले नाही. नियमाप्रमाणे नोकरीत किमान २४ तासांचा खंड पडावा लागतो, म्हणजे आपल्याकडे कंत्राटी शिक्षकांना देतात तसा तांत्रिक खंडच म्हण ना. मात्र आपल्याकडे सलग सेवेचा हक्क लागू नये म्हणून तो खंड देतात आणि इथे कमावलेली पेन्शन सुरू व्हावी म्हणून माणूस तो स्वतः घेतो. त्यात लाज नाही आणि फसवणूकही नाही. निरोप खरा असतो आणि परत येणेही खरे असते. हे समजायला मला बरीच वर्षे लागली.

माझ्या पेन्शनचे दोन भाग आहेत. सप्टेंबर २००३ पासून मार्च २०२२ पर्यंतच्या नोकरीची पेन्शन जुन्या योजनेत आहे. पगाराच्या ऐंशीव्या भागाला नोकरीच्या वर्षांनी गुणायचे, शिवाय वर्षाच्या पेन्शनच्या तिप्पट रक्कम एकदम हाती मिळते, आणि हे सारे वयाच्या साठीला घेता येते. १ एप्रिल २०२२ पासून सगळ्यांना नव्या योजनेत घातले, आणि तिचे वय सरकारी पेन्शनच्या, म्हणजे नोकरीच्या पेन्शनहून वेगळी जी इथले सरकार वर्गणी भरणाऱ्यांना देते तिच्या, वयाला बांधलेले असल्यामुळे ती मला ६७ व्या वर्षी पूर्ण मिळेल. साठीलाच मिळणारे पैसे तीन वर्षे का घेतले नाहीस, असे तू विचारलेस. खरे सांगायचे तर २०२२ च्या जूनमध्ये मला ते कागद समजले नव्हते आणि वॉर्डात माणसे इतकी कमी होती की विचारायलाही सवड नव्हती. उशिरा घेतल्याबद्दल त्या जुन्या भागात वेगळी वाढ मिळत नाही, हे मला या वर्षी कळले. ती चूक माझी आहे आणि आता ती आणखी लांबवायची नाही.

दादा, तुझी निवृत्ती मला फार आठवते. गुरुजींनी शाळेच्या दाखल्यावर आपल्या सगळ्यांची जन्मतारीख १ जून लिहिली, म्हणून तू ३१ मे २०१५ रोजी नियत वयोमानानुसार जिल्हा परिषदेच्या शाळेतून बाहेर पडलास. शाल, श्रीफळ, सत्कार झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने तू सायकल बाहेर काढलीस, असे वहिनी सांगतात. तुला वाईट वाटले असेल, पण ती तारीख सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावरून ठरलेली होती. तू अजून काम का करतोस, किंवा आताच का सोडलेस, असे तुला कोणी विचारू शकत नव्हते. इथे ६५ व्या वर्षी घरी पाठवण्याची मुभा मालकांकडून २०११ मध्येच काढून घेतली. आता इथे पेन्शनचे वय आहे, पण निवृत्तीचे वय नाही. तारीख मी ठरवायची, आणि मी कोणतीही तारीख ठरवली तरी ती कोणाच्या तरी विरुद्ध ठरवल्यासारखी होते. श्रावणात जन्मलेल्या मुलीला गुरुजींनी दिलेली १ जून १९६२ ही तारीख इथल्या सरकारनेही मानली आहे, म्हणून १ जून २०२९ ला माझी सरकारी पेन्शन सुरू होईल, पण त्या दिवशीही मला कोणी घरी जा म्हणणार नाही.

मामांकडच्या बैठकीत "तिला पौंडांचा मोह सुटत नाही" असे कोणीतरी म्हटल्याचे माझ्या कानावर आले. ते मनाला लागले, म्हणून उत्तर देते. पूर्ण सरकारी पेन्शन या वर्षी आठवड्याला २३०.२५ पौंड आहे आणि त्यासाठी ३५ वर्षांची वर्गणी लागते. मी ४१ व्या वर्षी इथे आले, त्यामुळे माझी तेवढी वर्षे कधीच भरणार नाहीत, आणि प्रत्येक वाढीव वर्षाने माझा वाटा थोडा वाढतो. याहून मोठी गोष्ट अशी की ही पेन्शन इथे राहणाऱ्यांची दर एप्रिलला वाढते, पण भारतात कायमचे राहायला गेलेल्यांची वाढत नाही, ती गोठते. तुझ्या पेन्शनवर महागाई वाढ मिळते ना? समज, तू मिरज सोडून मुलाकडे बंगळुरूला राहायला गेलास आणि केवळ त्या कारणाने ती वाढ जन्मभरासाठी थांबवली, तर कसे होईल, तसेच हे आहे. ६७ व्या वर्षी जेवढे पौंड, तेवढेच ८७ व्या वर्षी. माझी नोकरीची पेन्शन तिकडेही वाढत राहील, हे खरे, पण ती फक्त माझ्या नोकरीच्या वर्षांइतकी आहे. ह्यांची सरकारी पेन्शन या वर्षीच सुरू झाली आहे, म्हणजे आम्ही उद्या आलो तर ती आजच्या आकड्यावर थांबेल. शिवाय इथला मोफत औषधोपचार इथे राहणाऱ्यांसाठी आहे, तो आमच्याबरोबर मिरजेला येणार नाही. म्हातारपणी तुमच्यावर भार होऊन यायचे नाही, एवढाच माझा मोह आहे.

आणखी एक कारण आहे, ते पैशाचे नाही. परिचारिकेची नोंदणी टिकवायला इथे तीन वर्षांत ४५० तासांचे काम दाखवावे लागते. एकदा हात सुटला की परत येणे कठीण, आणि मला माझे काम अजून आवडते. रात्री घाबरलेल्या रुग्णाजवळ कोणीतरी अनुभवी माणूस बसावे लागते, ते मला चांगले जमते. हे लिहिताना संकोच वाटतो, कारण आपल्या घरातही रात्री जागी राहणारी एक ८४ वर्षांची बाई आहे आणि तिच्या उशाशी गेली बावीस वर्षे वहिनी बसतात, मी नाही. २०२९ मध्ये आई ८८ ला टेकलेली असेल. हा हिशेब मी कागदावर कधी मांडला नव्हता, आज मांडला.

म्हणून असे ठरवले आहे. ३१ जानेवारीला निवृत्त होऊन ३ फेब्रुवारीला निघते आणि एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे दोन महिने पूर्ण, मिरजेत राहते. पुढेही दर हिवाळ्यात दोन महिने सुट्टी देण्याचे वॉर्डाच्या प्रमुखांनी लेखी मान्य केले आहे. माझ्या खोलीत पलंग नको, आईच्या खोलीत गादी घाल.

एकरकमी साधारण २६,००० पौंड मिळतील. त्यातून इथल्या घराचे उरलेले कर्ज फिटेल. मुक्ताच्या लग्नासाठी पाच लाख वेगळे काढले आहेत. वहिनींनी नको म्हणू नये, ते देणे नाही, ते माझे आहे. स्वयंपाकघरावरची गळती कौले या पावसाळ्याआधी बदलून घे, त्याचे पैसे मार्चमध्ये मी हाती देईन. हॉलचा अॅडव्हान्स किती द्यायचा ते कळव. अमेयच्या लग्नाचे विचारलेस. त्याने एका मुलीचे नाव आम्हाला सांगितले आहे, ती केरळची आहे, स्वभावाने शांत आहे आणि आम्हाला पसंत आहे, परंतु ती घरच्यांशी बोलेपर्यंत ही गोष्ट तुमच्या दोघांतच ठेवावी.

हे पत्र आईला पूर्ण वाचून दाखव, पेढ्यांबद्दल मला राग नाही हेही सांग. नाहीतर असे कर, एप्रिलचा मजकूर वाचू नकोस. तो मी तिच्याजवळ गादीवर बसून सांगेन.

तुझी,
शैला