फुटबॉलचा प्रेक्षक आणि वर्गणीची वही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थंडीची चाहूल लागली की खानदेशातील गावोगावी ‘चषक’ स्पर्धांचे फ्लेक्स झळकू लागतात. त्यांतील बहुतेक क्रिकेटचे असतात. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात मात्र एखाद-दुसरा फुटबॉलचाही असतो. त्या फ्लेक्सवर मान्यवरांची दहा-बारा छायाचित्रे असतात, वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात, बक्षिसाची रक्कम ठळक अक्षरांत असते. सामना किती वाजता आहे हे मात्र पुष्कळदा कोठेच लिहिलेले नसते. ‘लोक फुटबॉल पाहायला येत नाहीत’ अशी तक्रार आमच्या क्रीडा-वर्तुळात वर्षानुवर्षे ऐकू येते. एका छोट्या क्लबचा चिटणीस म्हणून काही वर्षे मीही ती सुरात सूर मिळवून केली आहे. आज त्या पदावर नसल्यामुळे थोडे मोकळेपणाने लिहितो.

लोकांना फुटबॉल आवडत नाही, हे मुळातच खरे नाही. 18 डिसेंबर 2022 च्या रात्री अर्जेंटिना आणि फ्रान्स यांच्यातील विश्वचषकाचा अंतिम सामना 3-3 असा बरोबरीत सुटून पेनल्टीवर गेला, तेव्हा आमच्या गल्लीत पांढऱ्या चादरीवर लावलेल्या प्रोजेक्टरसमोर बाया-बापड्यांसह शे-दीडशे माणसे कडाक्याच्या थंडीत जागी होती. त्यानंतर काही आठवड्यांनीच आमच्या क्लबचा एका स्थानिक स्पर्धेतील उपांत्य सामना झाला. त्या सामन्याला दोन्ही संघांचे राखीव खेळाडू, पंचांची मोटारसायकल सांभाळणारा मुलगा आणि शेंगदाणेवाला धरून तीस-पस्तीस माणसे होती. गल्ली तीच, माणसे तीच, खेळही तोच. फरक एवढाच, की कतारमधील सामना ठरलेल्या मिनिटाला सुरू झाला आणि आमचा चार वाजताचा सामना पाहुणे यायचे होते म्हणून साडेपाचला सुरू होऊन अंधारामुळे मध्येच संपवावा लागला. दीड तास ताटकळलेला माणूस पुढच्या वेळी का यावा, याचे उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हते. वाट पाहायची कोणी, पाहुण्यांनी की प्रेक्षकांनी, एवढा प्रश्न प्रत्येक आयोजकाने स्वतःला विचारला तरी पुष्कळ काम होईल.

वेळेचा प्रश्न भुसावळात तर अधिकच नाजूक आहे. येथे निम्मे गाव रेल्वेच्या, आयुध निर्माणीच्या किंवा दीपनगरच्या वीज केंद्राच्या पाळ्यांवर चालते. लोको पायलटला किंवा पाळीच्या कामगाराला महिन्यातून दोन ठरावीक रविवार आधी कळले, तर तो ड्युटीची अदलाबदल करून मैदानावर येऊ शकतो. आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर ‘उद्या मॅच आहे, सर्वांनी उपस्थित राहावे’ असा निरोप मिळाला तर तो येऊ शकत नाही. हंगामाबद्दलही तेच म्हणता येईल. शाळांना सुटी आहे म्हणून मे महिन्यात स्पर्धा भरवण्याची जुनी रीत काही ठिकाणी अजून चालू आहे. पारा 44-45 अंशांवर असताना आणि मैदानाच्या कडेला एखादेच कडुनिंबाचे झाड असताना त्या सावलीत जेवढी माणसे मावतील तेवढाच प्रेक्षक, हे समीकरण ठरलेले आहे. पावसाळा सरल्यावर ते होळीपर्यंतचे दिवस हेच आपल्याकडील मैदानाचे दिवस आहेत.

परंतु वेळ पाळली, सावली केली आणि पिण्याच्या पाण्याचे माठ ठेवले की प्रेक्षक आपोआप टिकेल, असेही मी म्हणणार नाही. आलेला माणूस पुन्हा येतो तो वेगळ्याच कारणाने, आणि ते कारण आपल्या यात्रांमधील कुस्त्यांच्या दंगलीत अनेकदा उघड दिसते. यात्रेच्या आधी गावात पावतीपुस्तके फिरतात. कोणी एकावन्न रुपये देतो, कोणी एकशे एक, एखादा बागायतदार एका जोडीचे सबंध इनाम आपल्याकडे घेतो. नारळाच्या कुस्तीपासून शेवटच्या मोठ्या कुस्तीपर्यंत सारा गाव रिंगणाभोवती उन्हात बसतो; कारण त्या दंगलीत प्रत्येकाचा थोडा तरी पैसा आणि थोडा तरी मान गुंतलेला असतो. तिथे कोणाला ‘या हो’ म्हणून बोलवावे लागत नाही. आम्ही फुटबॉलवाल्यांनी उलटा मार्ग धरला. एका पुढाऱ्याकडून किंवा व्यापाऱ्याकडून सगळी रक्कम घ्यायची, प्रवेश विनामूल्य ठेवायचा आणि मग लोक येत नाहीत म्हणून हळहळायचे. ज्याच्याकडून आपण काहीच मागितले नाही, त्याचे त्या क्लबमध्ये आहे तरी काय?

हे ओळखून आमच्या क्लबने एका वर्षी देणगीदाराच्या मागे न लागता वर्गणीची वही काढली. वर्षाला पन्नास रुपये, हाताने लिहिलेली पावती आणि भिंतीवर लावायला सामन्यांच्या तारखांचे एक पान, एवढाच तो व्यवहार होता. पहिल्या वर्षी साठेक नावे झाली. त्यांत चहावाले होते, सायकल दुरुस्त करणारे होते, निवृत्त गार्ड होते आणि दोन-तीन शिक्षिकाही होत्या. रक्कम क्षुल्लक होती, तिच्यात धड चेंडूही येत नव्हते. पण ज्या निवृत्त गृहस्थांनी पन्नास रुपये दिले, त्यांनी पुढच्याच सामन्यात आमचा गोलरक्षक उशिरा का आला याचा जाब मला चारचौघांत विचारला. मला राग आला होता, हे कबूल करतो. नंतर लक्षात आले, की क्लबला मिळालेले ते पहिले खरे प्रेक्षक होते. पुढे वार्षिक हिशेब आम्ही मैदानाच्या कडेला मोठ्याने वाचून दाखवू लागलो. दुसऱ्या वर्षी जुन्यांपैकी बहुतेकांनी पावती फाडली, ती खेळावरच्या प्रेमापेक्षा त्या हिशेबामुळे, असा माझा अंदाज आहे.

महाराष्ट्रातच या गोष्टीचा मोठा दाखला कोल्हापूरला आहे. तेथील पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम हे संघ आपापल्या पेठांचे आणि तालमींचे आहेत. शाहू स्टेडियमवरील सामन्याला माणूस तिकीट काढून जातो, तो बहुधा केवळ उत्तम फुटबॉल पाहण्यासाठी नव्हे, तर आपली पेठ खेळते आहे म्हणून. केरळच्या मलबार भागात सात-सात खेळाडूंचे ‘सेव्हन्स’ सामने तात्पुरत्या गॅलऱ्या उभारून, रात्री दिव्यांच्या उजेडात होतात, आणि तेथेही लोक पैसे मोजून बसतात. कोल्हापूरचे सगळेच उचलावे असे मात्र मी सुचवणार नाही. समर्थकांच्या हुल्लडबाजीच्या बातम्या तेथून अधूनमधून येतात, आणि पेठेचा अभिमान दगडापर्यंत पोहोचला की सर्वांत आधी घरी राहतात त्या स्त्रिया आणि लहान मुले.

स्त्रियांचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट लिहितो. आपल्या मैदानांवर आई-बहिणी येत नाहीत, याचे पहिले कारण त्यांना खेळ कळत नाही हे नसून मैदानाजवळ स्वच्छ शौचालय नसते, हे आहे. सामन्याच्या दिवशी शेजारच्या शाळेची किल्ली मागून आणण्याची सोय आम्ही एका हंगामात केली आणि खेळाडूंच्या घरच्या बायका प्रथमच शेवटच्या शिट्टीपर्यंत थांबलेल्या पाहिल्या. ज्या क्लबने दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींचा सराव मोठ्यांच्या सामन्याआधी त्याच मैदानावर घेतला, त्याला तर प्रेक्षक शोधायला लागत नाही. मुलाला सोडायला आलेला बाप मुलाच्या मागे उभा राहतो आणि मोठ्यांचा सामना सुरू झाल्यावर मुलगाच घरी जायला तयार नसतो.

मिळालेले प्रेक्षक आम्ही कसे घालवतो, हेही सांगितले पाहिजे. छोट्या क्लबचे बहुतेक प्रेक्षक मुळात एखाद्या खेळाडूचे मित्र असतात. तो एकोणीस-वीस वर्षांचा झाला की शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्याला, नाशिकला नाहीतर मुंबईला जातो आणि त्याच्यापाठोपाठ त्याची मित्रमंडळीही मैदानावरून नाहीशी होते. हे थांबवता येणार नाही, थांबवूही नये. पण दिवाळीत ही सगळी पोरे गावी असतात, तेव्हा आजी विरुद्ध माजी असा सामना ठेवला तर पोट सुटलेल्या माजी खेळाडूंना पाहायला सगळी गल्ली येते, हा माझा अनुभव आहे. त्या दिवशी ध्वनिक्षेपकावर प्रमाण मराठीऐवजी अहिराणीतून किंवा आमच्या लेवा बोलीतून समालोचन झाले, तर ‘मार रे पोऱ्या’ एवढ्यावरच हशा आणि टाळ्या मिळतात.

दुसरे नुकसान नावामुळे होते. आपल्याकडे देणगीदार बदलला की चषकाचे नाव बदलते, आणि कधीकधी क्लबचेही. दहा वर्षांत एकाच संघाची तीन नावे आणि तीन रंगांच्या जर्सी मी पाहिल्या आहेत. प्रेक्षकाने जीव लावायचा तो कशाला? इंग्लंडमध्ये 2002 साली लंडनमधील विम्बल्डन हा फुटबॉल क्लब मिल्टन कीन्स या दुसऱ्याच शहरी, साधारण जळगावहून धुळ्याला जावे एवढ्या अंतरावर, हलवण्यास परवानगी मिळाली, तेव्हा त्याच्या समर्थकांनी त्याच वर्षी एएफसी विम्बल्डन या नावाने स्वतःचा क्लब स्थापन केला. खेळाडू निवडण्यासाठी एका मोकळ्या माळावर चाचणी घेतली आणि तेथील स्पर्धांच्या उतरंडीत नवव्या पायरीवरून सुरुवात केली. 2011 मध्ये तो क्लब इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये पोहोचला आणि 2020 मध्ये प्लाऊ लेन या आपल्या जुन्या परिसरात परतला. मालकाने क्लब नेला, पण नाव, रंग आणि ठिकाण यांवर हक्क सांगणारी माणसे मागे उरली होती. उद्या आमचा एखादा क्लब बंद पडला तर त्याच्यासाठी कोण भांडेल, याचा विचार करताना मला त्या वहीतील साठ नावेच आठवतात.

सरकारी आणि राष्ट्रीय पातळीवरील मोठे सोहळे मी कमी लेखत नाही. 2017 साली भारतात झालेल्या 17 वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाला 13 लाख 47 हजारांहून अधिक प्रेक्षक आले आणि त्याआधी 15 सप्टेंबरला महाराष्ट्रभर लाखो विद्यार्थ्यांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळला. शाळांतून चेंडूही वाटले गेले. पुढच्याच वर्षी 1 जून 2018 रोजी मुंबईत भारताने चायनीज तैपेईला (म्हणजे तैवानला) 5-0 असे हरवले आणि सुनील छेत्रीने तीन गोल केले, तेव्हा प्रेक्षक होते अवघे अडीच हजार. छेत्रीने चित्रफितीतून ‘टीका करा, पण मैदानावर येऊन करा’ अशा आशयाची विनंती केली आणि 4 जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची सर्व तिकिटे खपली. भारताच्या कर्णधाराला हात जोडावे लागले, तेथे आम्हा गावच्या क्लबांना संकोच वाटण्याचे कारण नाही. मात्र छेत्रीची हाक एका सामन्यापुरती होती; आम्हाला दर पंधरा दिवसांनी तीच साठ-सत्तर माणसे हवी आहेत, आणि ती चित्रफितीने येत नाहीत, घरोघरी जाऊन, नावानिशी विचारपूस करूनच येतात.

आता थोडे आपल्या वृत्तपत्रांविषयी, कारण या पत्राचा मूळ हेतू तोच आहे. स्थानिक फुटबॉल सामन्याची बातमी छापून येते तेव्हा तिच्यात उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सूत्रसंचालक आणि आभार मानणारे यांची नावे असतात; गोल कोणी केला आणि कितव्या मिनिटाला केला, याचा पत्ता नसतो. यात वार्ताहरांचा दोष थोडाच आहे, कारण आम्ही चिटणीस मंडळीच तशी प्रसिद्धिपत्रके लिहून देतो. मीही दिली आहेत. परंतु सतरा वर्षांच्या मुलाने केलेल्या गोलाची एक ओळ छापून आली, की त्याचे आजोबा ते कात्रण खिशात घेऊन गावभर दाखवतात आणि पुढच्या सामन्याला काठी टेकत येतात.

म्हणून माझी नम्र विनंती आहे, की आपल्या दैनिकाच्या खानदेश पानांवर हंगामात दर शनिवारी चार बोटांची एक चौकट द्यावी. तिच्यात उद्या कोणत्या मैदानावर, कोणते संघ आणि किती वाजता खेळणार, एवढेच असावे. मंगळवारी त्याच जागी निकाल आणि गोल करणाऱ्यांची नावे द्यावीत. पाहुण्यांची नावे वगळावीत. ही माहिती शुक्रवारी दुपारपर्यंत न कळवणाऱ्या क्लबचा सामना खुशाल छापू नये. एकदा चौकटीतून गळाल्यावर घड्याळ पाहण्याची सवय आम्हा मंडळींना लागेल. आणि छापलेल्या वेळेला सामना सुरू झाला नाही, तर ‘सामना दीड तास उशिरा सुरू झाला’ हेही निकालाखाली बिनदिक्कत छापावे.

आपला नम्र,
एका फुटबॉल क्लबचा माजी चिटणीस,
भुसावळ, जि. जळगाव