जंपर काढायला सांगणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

नाव छापू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काका. पत्र मात्र उघड लिहिते आहे. सत्तरच्या दशकातला जड, लाकडी खोक्यातला स्टिरिओ रिसीव्हर (रेडिओ आणि अँप्लिफायर एकत्र) घरात असणाऱ्या आणखी कुणाला तरी याचा उपयोग होईल.

मामांनी हा सेट माझ्या हवाली केला तेव्हा दोन्ही स्पीकरमधून एकसारखा घुमणारा आवाज, म्हणजे हम्, येत होता. मी ठरवूनच टाकलं होतं की वीजपुरवठा सपाट करणारे मोठे फिल्टर कंडेन्सर गेले. १०,००० मायक्रोफॅरडचे दोन नवे आणूनही ठेवले होते. तुम्हाला फोन केला तो फक्त ते बसवायचे कसे हे विचारायला. तुम्ही उत्तर दिलं नाहीत, उलट मलाच विचारलंत, "आवाजाचं बटण पूर्ण खाली नेल्यावर हम् कमी होतो का?" होत नव्हता. "दोन्ही बाजूंना सारखाच आहे?" होता. मग म्हणालात, "सेट बंद कर, मागचे प्रीआउट आणि मेनइन जोडणारे जंपर काढ, पुन्हा चालू कर आणि ऐक."

हम् गेला! स्पीकर पूर्ण गप्प.

त्या क्षणासाठी मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे. प्रीअँप (आवाजाचा पहिला, लहान टप्पा) आणि पॉवर अँप्लिफायर (स्पीकर चालवणारा टप्पा) यांना जोडणारे तुकडे म्हणजे हे जंपर. ते काढल्यावर पॉवर अँप्लिफायर एकटा उरतो आणि तो थेट त्या दोन मोठ्या कंडेन्सरांवर चालतो. तो शांत आहे म्हणजे ते कंडेन्सर आपलं काम करताहेत. दोष आहे तो प्रीअँपला स्थिर व्होल्टेजची वीज देणाऱ्या छोट्या रेग्युलेटर बोर्डात. घरातली वीज (मेन्स) ५० हर्ट्झ असेल तिथे रेक्टिफायरनंतरची, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या भागानंतरची, गुणगुण १०० हर्ट्झची, ६० असेल तिथे १२० ची, हे मी वाचलेलं होतं. पण ती गुणगुण सप्लायच्या कोणत्या फांदीतून येते हे एक पक्कड न उचलता शोधता येतं, हे तुम्ही दाखवलंत.

पुढे मोजमाप. मीटरची काळी प्रोब चॅसिसला (सेटच्या धातूच्या सांगाड्याला) चिमट्याने अडकवायची, लाल एका हातात, दुसरा हात पाठीमागे. हे तुम्ही प्रत्येक फोनवर सांगितलंत, आणि दर वेळी सांगितलंत म्हणूनच ते अंगवळणी पडलं. सेट बंद केल्यावरही मोठ्या कंडेन्सरांत ४३ व्होल्ट साठलेले असतात. ते स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून नाही, तर १०० ओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरमधून उतरवायचे आणि मीटर १ व्होल्टच्या खाली गेल्याशिवाय बोर्डाला हात लावायचा नाही. माझी घाई तुम्हाला फोनवरूनही कळायची. "किती दाखवतोय? आकडा सांग," एवढंच म्हणायचात.

आकडे असे होते. रेग्युलेटरच्या आत येणारे ३८ व्होल्ट ठीक. बाहेर जायला हवेत २४, मिळत होते १९ आणि तेही डुलणारे. मीटर एसीवर टाकला तर त्याच लाइनवर अर्ध्या व्होल्टचा रिपल (डीसीवर उरलेली एसीची लाट). तुम्ही लाकडी काडीने बोर्ड हलकेच दाबायला सांगितलंत. झेनरला (ठरलेला व्होल्टेज धरून ठेवणाऱ्या डायोडला) करंट देणाऱ्या रेझिस्टरपाशी दाबलं की १९ चे २३ व्हायचे, सोडलं की पुन्हा १९.

भिंग लावून पाहिलं, तर त्या रेझिस्टरच्या पायाभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी गोल चीर. तुमचं स्पष्टीकरण मी वहीत उतरवून ठेवलं आहे. हा रेझिस्टर कायम तापतो. तापणं-निवणं, प्रसरण-आकुंचन अशी कित्येक वर्षं गेली की टाका सुटतो. मग झेनरला पुरेसा करंट मिळत नाही, ट्रान्झिस्टरच्या बेसवरचा व्होल्टेज कोसळतो आणि आतला रिपल सरळ बाहेर झिरपतो. त्याच उष्णतेने शेजारचा १०० मायक्रोफॅरडचा छोटा कंडेन्सरही सुकला होता. वरून तो अगदी नवा दिसत होता, फुगवटा नाही, गळती नाही. मी एकटी असते तर त्याच्याकडे वळूनही पाहिलं नसतं.

दुरुस्ती अर्ध्या दुपारची. जुनं सोल्डर पंपाने ओढून काढलं. नवा रेझिस्टर बोर्डापासून थोडा उचलून बसवला, खालून हवा खेळावी म्हणून. कंडेन्सर १०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारा घेतला आणि उणे बाजूचा पट्टा दोनदा तपासला. कंडेन्सरखालचा तपकिरी झालेला गोंद खरवडून काढायला मात्र रेझिस्टरपेक्षा जास्त वेळ गेला. तो गोंद जुना झाला की वीज वाहू लागतो आणि तांबं खातो, असं तुम्ही म्हणाला होतात. खाली बोर्डावरची एक जोडतार खरोखर हिरवी पडलेली निघाली.

मग सिरीज बल्ब, म्हणजे काही चुकलं असेल तर करंट रोखावा म्हणून सेटच्या वीजवाटेत जोडलेला बल्ब. तारेचा, १०० वॉटचा. बल्ब एकदम उजळला आणि लगेच मंदावला. पण स्पीकर जोडणाऱ्या रिलेचा टक् आवाज येईना, आणि माझे हातपाय गळाले. रात्र झाली होती तरी तुम्ही फोन उचललात. "बल्बवर सेटला पुरा व्होल्टेज मिळत नाही, रिले कदाचित ओढणार नाही. बल्ब मंद आहे ना? मग थेट लाव." लावला. चार-पाच सेकंदांनी टक्.

२४.१ व्होल्ट. रिपल २ मिलिव्होल्ट. स्पीकर टर्मिनलवरचा डीसी ऑफसेट (तिथे नको असलेला डीसी) डावीकडे १२, उजवीकडे १८ मिलिव्होल्ट. जंपर लावलेले, बटण खाली, कान स्पीकरच्या जाळीला टेकवलेला, आणि आत काहीच नाही. तुम्ही फोनवर थांबून होतात. मी बोलले नाही, तेव्हा तुम्हीच विचारलंत, "गेला ना?"

माझ्याकडून तुम्ही एक नवा पैसा घेतला नाहीत आणि एकदाही "तुला जमणार नाही" म्हणाला नाहीत. सात फोन झाले, मी मोजले आहेत. प्रत्येक वेळी उत्तर हातात देण्याऐवजी तुम्ही मला पुढच्या मापापर्यंत नेलंत. याबद्दल मनापासून आभार.

ते दोन नवे मोठे कंडेन्सर खोक्यातच आहेत. जुन्यांचा रिपल दर वर्षी मोजून तुम्हाला कळवायचं कबूल केलं होतं, त्यातली पहिली नोंद इथेच देते: दोन्ही बाजूंना ४० मिलिव्होल्ट, सेट अर्धा तास तापल्यावर, स्पीकर जोडलेले, बटण खाली.

तुमची कृतज्ञ,
मामांच्या सेटवाली