कुलूप आहे, पण दुकान कुणाचं?

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, साइटवर सुरक्षेचा शिक्का आणि कुलूप दिसलं की पैसे भरायला हरकत नाही ना, असं तुम्ही विचारलंत. हरकत आहे.

कुलूप एवढंच सांगतं की कार्डाचा नंबर वाटेत कुणाला वाचता येणार नाही आणि तो वर पत्त्यात लिहिलेल्या साइटकडेच जाईल. ती साइट भामट्याची असली तरी कुलूप दिसतंच. हे कुलूप ज्यामुळे दिसतं ते साधं सर्टिफिकेट, म्हणजे साइटचं ओळखपत्र, काही मिनिटांत फुकट मिळतं. देणारी संस्था फक्त तो पत्ता अर्जदाराच्या ताब्यात आहे का ते बघते, दुकानदाराची चौकशी करत नाही. क्रोम ब्राउझरने तर २०२३ मध्ये कुलूपच काढलं, कारण लोक त्याचा भलताच अर्थ लावत होते.

शिक्का हे नुसतं चित्रही असू शकतं, कुणीही उचलून चिकटवावं. त्यावर क्लिक करा. शिक्का देणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या पत्त्यावरचं पान उघडून त्यात याच साइटचं नाव दिसायला हवं. काहीच उघडलं नाही तर सरळ बाहेर पडा. उघडलं तरी हुरळून जाऊ नका. ट्रस्टई ही अशा शिक्क्यांची तेव्हाची नावाजलेली कंपनी. तिने हजाराहून जास्त वेळा साइटची वार्षिक फेरतपासणी केलीच नाही, असा ठपका फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकेतल्या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने ठेवला. २०१४ मध्ये दोन लाख डॉलर भरायचं कबूल करून तिने तडजोड केली.

खरी तपासणी पत्त्याचीच. आई, हे तू नीट बघ. पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपर्यंत (/) ये आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाच. 'दुकान.कॉम.सवलत-आज.नेट' यात मालक 'सवलत-आज.नेट', त्याच्या आधीचं 'दुकान.कॉम' केवळ दिखाऊ. मोबाइलवर पत्ता अर्धाच दिसतो, म्हणून पट्टीवर बोट टेकवून पूर्ण उघड. मेसेजमधली लिंक नकोच, पत्ता हाताने टाइप कर.

अनोळखी दुकानात पैसे क्रेडिट कार्डाने भरा. फसगत झाली तर बँकेकडे तक्रार करून व्यवहार उलटवून घेता येण्याची शक्यता असते. थेट खात्यात पाठवलेले पैसे परत मिळणं फार कठीण.

आणि कनेक्शन खाजगी नसल्याचा इशारा आला तर 'तरीही पुढे जा' दाबू नका. सगळ्याच साइटवर तो येत असेल तर आधी फोनची तारीख बघा. ती चुकली असली की चांगली सर्टिफिकेटंही मुदत संपल्यासारखी दिसतात.

तुमची लेक